दोन जावांचे दोन रखवालदार

अक्काचा राग चढला की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजायची. त्या सकाळी तर तो उतूच गेला होता.

अक्का म्हणजे घरातली थोरली सून. यंत्रावर भरतकाम करून द्यायची: वेली, पक्षी, दवाखान्यातल्या अंगरख्यांवरची नावं. नक्षी आधी संगणकावर काढायची, मग यंत्र ती टाक्याटाक्याने कापडावर उतरवायचं. पूर्वी कागदावर काढलेल्या नक्षी उंदरांनी फस्त केल्या होत्या, म्हणून आता जन्माची सगळी कमाई संगणकाच्या त्या एका डब्यात. दुसरीकडे कुठेच नाही.

आणि तो डबा आठवडाभर आजारी म्हशीसारखा बसला होता. पडद्यावर ‘धोका! धोका!’ म्हणत लाल खिडकी उघडायची, ती मिटावी तर दुसरी. त्या दिवशी नक्षी उघडेचनात. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बसायच्या आधीच निदान केलं.

“काकू, अँटिव्हायरस कुठला?”

“फुकटातला.”

“तिथेच चुकलात. फुकटचं ते फुकटचंच. सगळं पुसतो आणि विकतचा बसवून देतो. मग निवांत झोपा.”

“सगळं म्हणजे? माझ्या नक्षी?”

“त्या जातील. व्हायरस शिरला असणार.”

“असणार?” अक्का कडाडली. “बघितलात का तुम्ही? ताप मोजायच्या आधी पाय कापायला निघालात! चोर सोडून संन्याशाला फाशी! आधी नीट बघा, मग हात लावा.”

दुरुस्तीवाला वरमला. बराच वेळ बघत बसला आणि एकदम हसला.

“व्हायरस नाही दिसत, काकू. पण अँटिव्हायरस दोन आहेत. हा म्हणतो तो चोर, तो म्हणतो हा चोर. त्यांच्या हाणामारीत संगणकाचा जीव चाललाय.”

“दुसरा कुणी टाकला?”

“मी,” दारातून धाकटी जाऊ म्हणाली. “माझ्या लेकीचे फोटो आहेत त्यात. तुमच्या रखवालदारावर मी का विसंबू, जाऊबाई? आपल्या कपाटाला नाहीत का दोन कुलपं?”

होती खरी. साखरेच्या कपाटाला दोघींचं एकेक कुलूप. एक बाहेर गेली की दुसरी बिनसाखरेचा चहा पिणार, पण किल्ली मागणार नाही.

“अगं, एक कुलूप कधी दुसऱ्या कुलपाला चावत नाही!” अक्का म्हणाली. मग ती दुरुस्तीवाल्याकडे वळली. “एक काढला तर चालेल?”

“चालेल. पण फुकटातला पुरत नाही हो.”

“का नाही पुरत? आम्ही काय खजिना सांभाळतो? नक्षी काढतो, फोटो बघतो. कुणी अनोळखी काही पाठवलं तर उघडत नाही. एवढ्याला पुरतो की नाही, सरळ सांगा.”

दुरुस्तीवाल्याने मान खाजवली. “ताजा ठेवलात तर पुरतो,” तो पुटपुटला. “मात्र विकतचा घ्या म्हणून तो कटकट करणार.”

“म्हणजे ती लाल खिडकी?”

“त्यातल्या अर्ध्या जाहिराती.”

अक्काचं डोकं फिरलं. राखणीला ठेवलेलाच ‘चोर, चोर’ ओरडून धन्याचा खिसा चाचपणार! आणि आठवडाभर ती भीतीने संगणकाजवळ हळू पावलांनी जात होती!

“काढा एक. हिचाच काढा.”

“यांचाही फुकटातलाच, पण ताजा आहे. तुमचा वर्षभर शिळा पडलाय, काकू. अपडेट करू का विचारल्यावर ‘नंतर’ म्हणत आलात वाटतं.”

“सारखं विचारतो मेला! मी गप्प बसवते.”

“मी ‘हो’ म्हणते,” धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

दर वेळी मोठीनेच माघार घ्यायची, हा कुठला न्याय? पण नक्षींपुढे न्याय कोण बघतो? “माझा काढा,” अक्का दात आवळून म्हणाली.

संगणक बंद करून परत सुरू केला. लाल खिडकी आली नाही. पहिली वेल उघडली, मग पक्षी, मग दवाखान्याची नावं. अक्काने श्वास सोडला आणि लगेच दुरुस्तीवाल्याकडून एक पेनड्राइव्ह मागून घेतला. सगळ्या नक्षी त्यावर उतरेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

“जागा उरलीय,” ती धाकटीला म्हणाली, अजून घुश्शातच. “लेकीचे फोटो टाक यात. आणि तिसरा रखवालदार आणलास ना, तर तुलाच दारात उभी करीन.”