डोमाजींचे हात

खरूज हा काही चारचौघांत काढायचा विषय नाही, पण आमच्या स्किन ओपीडीत हसायला मिळतं ते तिच्यामुळेच! एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून चार येतात. त्यातले निम्मे एकट्या डोमाजींचे.

*

डोमाजी दिघोरीचे. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाऊन प्रतिकारशक्ती पार घालवलेली. हातांवर खपल्यांचे जाड थर. घरच्यांनी भलताच रोग समजून त्यांची खाट गोठ्यात टाकली होती.

"खाज येते का?" मी विचारलं.

"नाई जी, मले काईच नाई. खाजवते ते घरच्याईले!"

घ्या! अख्खं घर खाजवतंय म्हणजे खरूजच; निदान त्यांनीच करून टाकलं.

*

खपली खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवली. मुलगा देवराम डोळा लावून बसला. "अबब! हे त चालून राहिले!"

डोमाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. "मॅडम, पुढच्या महिन्यात नातीचं लगन हाय. तिले हळद लावता येईन का मले?"

देवराम खाली बघायला लागला. मी "लावाल की!" असं बोलून बसले आणि मग माझीच झोप उडाली.

*

दुसऱ्या दिवशी अख्खी ओपीडी खाजवत होती. केसपेपर काढणारा क्लार्क तर मलमाची ट्यूबच मागायला आला.

"तुम्ही हात लावला होता का त्यांना?"

"नाई जी. पण नाव त मीच लिहिलं ना!"

*

गोळ्या झाल्या, अंगभर मलम झालं, खपल्या गळल्या. आणि पंधरा दिवसांत पुन्हा किडे! लग्न तोंडावर आलेलं. विचारलं तर मलम एकट्या डोमाजींनाच लावलेलं.

"आमाले कायले जी? रोग त बाबाले हाय!" देवराम म्हणाला.

मी जाम चिडले. सुनंदा सिस्टर बपेऱ्याच्या शेतकऱ्याची लेक. तिनं शांतपणे विचारलं, "काहून भाऊ, धानावर तुडतुडे आले त एकाच बांधीत फवारता का धुऱ्यापलीकडच्या वावरातही?"

देवराम तडक उठला. दुसऱ्या दिवशी जीप भरून माणसं हजर! घरचे, शेजारचे, सगळे.

"धुऱ्यापलीकडचेही आणले जी!"

सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं, कपडे-गोधड्या मोठ्या गंजात उकळल्या. माझी इतक्या वर्षांची लेक्चरं गेली पाण्यात!

*

लग्न झाल्यावर डोमाजी तपासायला आले. मी सवयीनं ग्लोव्हज घालायला लागले. त्यांनी हसत दोन्ही तळहात टेबलावर उघडे ठेवले. स्वच्छ, आणि पिवळेधमक.

मागून देवराम वैतागून म्हणाला, "चार दिवस झाले मॅडम, धुऊनच नाई राहिले!"