साडेसातची मालिका आणि लाल बाण

मालिकेचं नाव इथे लिहीत नाही. तिला तेवढीही प्रसिद्धी मिळायला नको. रोज साडेसातला लागते, आठला संपते. तेवढ्या वेळात जगातला सगळा मूर्खपणा महागड्या सोफ्यावर येऊन बसतो. नायिकेची स्मृती दोनदा गेली आणि तीनदा परत आली. वकील म्हणून आलेला माणूस सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणून आला, त्याच मिशीसकट. नायक गाडी चालवताना रस्त्याकडे कधीच बघत नाही. रस्ताच त्याला सांभाळून घेतो. दिवाणखान्यातल्या घड्याळात चार वर्षं दहा वाजून दहा मिनिटं झालेली आहेत.

ही मालिका मोठ्या काकूंनी एक दिवसही चुकवलेली नाही.

मोठ्या काकू माझ्या घरमालकीण. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते आणि टीव्ही बघायला खाली येते. आम्ही दोघी एकाच कारखान्यात कामाला. शर्टांचा कारखाना. साहित्यात पदवी घेऊन मी तिथे शर्टाच्या आत शिवायच्या पट्ट्यांचा मजकूर तपासते. ‘थंड पाण्यात धुवा. पिळू नका.’ काकू शेवटच्या टेबलावर असतात. तयार शर्ट पेटीत जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जातो. सुटलेला टाका, वाकडी शिलाई, घसरलेलं बटण. दोष दिसला की त्या जागी त्या बोटाएवढा लाल कागदी बाण चिकटवतात आणि शर्ट शिवणारीकडे परत पाठवतात. सत्तावीस वर्षं हेच. कारखान्यात त्यांना ‘बाणवाली’ म्हणतात. अर्थात पाठीमागे.

बाणांचं एक रीळ त्यांच्या पर्समध्येच असतं. घरी त्या टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसतात, हात काचेपर्यंत पोचेल इतक्या जवळ. चूक दिसली की काचेवर बाण. आठ वाजता टीव्ही गोवर आल्यासारखा दिसतो. मग त्या नखाने एकेक बाण काढतात आणि मोजतात.

“एकोणीस,” म्हणतात. “कालपेक्षा तीन जास्त. शाब्बास रे गाढवांनो.”

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा थक्क झाले. विद्यापीठात पाच वर्षं समीक्षा शिकले, पण इतकी नेमकी समीक्षा कोणी केलेली पाहिली नव्हती.

“काकू, इतकी टाकाऊ आहे तर बघता कशाला?” मी एकदा विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही. “चांगला शर्ट मी दोन सेकंदांत पुढे सरकवते. त्याच्याकडे कोण बघतं? बघायचा असतो तो बिघडलेला.”

“पण मजा काय त्यात?”

“गप बस. त्याच्या हातातला कप बघ. आत्ता निळा होता.”

कप पांढरा झाला होता. बाण लागला.

एकदा कुठल्याशा सामन्यामुळे मालिका दाखवली नाही. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटत होतं, त्यांना आणि मला त्या मालिकेचा सारखाच तिटकारा आहे. माझा तिटकारा दोन भाग बघून आला होता. त्यांचा चार वर्षांचा होता, आणि तो निराळाच प्रकार होता.

त्या घरात तिसरी बाई म्हणजे धाकट्या काकू. मोठ्या काकूंची जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ; दोघेही गेले. मुलं दूर. उरलं काय, तर दोन जावा आणि एक टीव्ही. धाकट्या काकू मागे खुर्चीत बसतात, मांडीवर रुमाल घेऊन. मालिका त्या मनापासून बघतात. नायिका रडली की रडतात. खलनायिका हसली की “बघा बघा, कशी हसते मेली,” म्हणतात. त्यांना कपाचा रंग दिसत नाही. त्यांच्याकडे बघून मला कीव येई. आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा येई.

तो बुधवार होता. नायिका अकरा वर्षांनी आईला भेटली. आई आंधळी झालेली. तिने लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मागे धाकट्या काकूंचं नाक वाजायला लागलं. तेवढ्यात मोठ्या काकूंनी हात पुढे केला आणि नायिकेच्या रडत्या गालावर बाण चिकटवला.

“एकाच कानात डूल!” त्या म्हणाल्या. “आईला दिसत नाही म्हणून काय झालं? आम्हाला दिसतं!”

मी खो खो हसले. “आईने चाचपून सांगायला हवं होतं,” मी म्हणाले. “बाळ, दुसरा कुठे गं?”

मोठ्या काकूही हसल्या. धाकट्या काकू उठल्या. रुमाल घडी करून खुर्चीवर ठेवला.

“माझ्या कॉलरींचंही असंच केलंत,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “सगळ्यांसमोर. अकरा कॉलरी. अकरा बाण.”

“त्याला नऊ वर्षं झाली,” मोठ्या काकू म्हणाल्या.

“मला माहीत आहे किती झाली.”

त्या आत गेल्या. मोठ्या काकूंनी टीव्हीकडे तोंड फिरवलं. पण पुढचा बाण लावला नाही. नायकाने दोन वेगवेगळे बूट घातले असते तरी लावला नसता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या बायकांना विचारलं. धाकट्या काकू कधीकाळी आमच्याच कारखान्यात कॉलरी शिवत होत्या. चांगला हात होता. एका दुपारी त्यांच्या कॉलरींचे अकरा शर्ट एकदम परत आले, गठ्ठाच्या गठ्ठा, कॉलरींवरच्या लाल बाणांसकट. लाइनीतल्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, घरातलं भांडण इथे आणलं वाटतं. आठवड्याभरात धाकट्या काकूंनी काम सोडलं.

संध्याकाळी घरी आले तर त्या फोनवर भावाशी बोलत होत्या. “रविवारी टेंपो घेऊन ये. सामान फार नाही. कपाट आणि दोन पेट्या.”

मोठ्या काकू तिथेच उभ्या होत्या, हातात पिशवी. पिशवी खाली ठेवली.

“जातेस?”

“हो.”

“कायमची?”

“तुम्ही आणि तुमचे बाण सुखात राहा.”

साडेसातला मोठ्या काकूंनी टीव्ही लावला. स्टुलावर बसल्या. मागची खुर्ची रिकामी. पाच मिनिटांनी टीव्ही बंद केला.

“भिकार आहे,” त्या म्हणाल्या.

“रोजच असते,” मी म्हणाले.

“आज बघवत नाही.”

शुक्रवारीही तेच झालं. तीन मिनिटं. घरात टीव्ही बंद असला की नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आतल्या खोलीत कपाटाचे कप्पे रिकामे होत होते. दर कप्प्याचा आवाज मोठ्या काकूंच्या खांद्यांत दिसत होता.

मी त्यांना जिन्यात गाठलं. “एकदा ‘चुकलं’ म्हणा ना काकू.”

“काय चुकलं? एका कानात डूल नव्हता.”

“मालिकेचं नाही हो.”

“मग कशाचं?”

“त्यांना वाईट वाटलं, त्याचं.”

“वाईट वाटलं म्हणून डूल येतो का कानात?” त्या फणकारल्या. “मी जे नाही ते आहे म्हणू? त्या मालिकेसारखं? रडून, गळ्यात पडून, मागे वाजंत्री लावून?”

मीही हसलेच होते, आणि जास्त मोठ्याने.

शनिवारी मालिकेचा एक तासाचा खास भाग होता. आठवडाभर जाहिरात चालू होती: ‘आज उलगडणार सर्वांत मोठं रहस्य’. रहस्य चिमणीलाही माहीत होतं. सात वाजून पंचवीस मिनिटांनी मोठ्या काकू आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी बाहेरून पाहत होते.

“लागतेय,” त्या म्हणाल्या.

“बघा तुम्ही. लावा बाण.”

मोठ्या काकूंनी पर्समधून रीळ काढलं आणि जावेच्या हातात ठेवलं. “आज तू लाव.”

सत्तावीस वर्षांत ते रीळ दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. धाकट्या काकूंना ते ठाऊक असावं. त्या बाहेर आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत. आपल्या खुर्चीतच बसल्या. मोठ्या काकूंनी स्टूल मागे ओढलं आणि हात मांडीखाली दाबून त्यावर बसल्या.

भाग सुरू झाला. इतका वाईट भाग मी आयुष्यात पाहिला नाही. नायकाला गोळी लागली डाव्या खांद्याला. इस्पितळात पट्टी उजव्या. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राची वायर जमिनीवर नुसती पडलेली, आणि ठोके तरीही दिसत होते. नर्सच्या पायांत उंच टाचांच्या चपला. मोठ्या काकू घशात आवाज करत होत्या, उकळी दाबल्यासारखा. धाकट्या काकूंनी एकही बाण लावला नाही. त्या मालिका बघतच नव्हत्या. त्या जावेकडे बघत होत्या.

मग त्यांनी रिळातून एक बाण काढला. वाकल्या. आणि मोठ्या काकूंच्या दंडावर चिकटवला.

“अकरातल्या चार कॉलरी बरोबर होत्या,” त्या म्हणाल्या.

मोठ्या काकूंनी दंडाकडे पाहिलं. बाण काढला नाही.

टीव्हीवर नायिका इस्पितळाच्या मजल्यामजल्यावर धावत होती. मजला तोच होता.

“तीन,” मोठ्या काकू म्हणाल्या.

“चार.”

“तीन. पांढऱ्या दोन आणि चौकड्याची एक. त्यांच्यात काही नव्हतं.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. बाणवालीचा बाण कधी चुकत नाही, हे कारखान्यात पगाराच्या तारखेइतकं पक्कं आहे.

“मग का लावलेत?” धाकट्या काकूंनी विचारलं.

“लाइनीतल्या बायका बघत होत्या. सकाळीच एक म्हणाली, जावेचा माल डोळे झाकून सोडेल ही. मग तुझ्या गठ्ठ्याला मी भिंग लावल्यासारखं बघितलं. आठ खरंच बिघडलेल्या होत्या. तीन सोडल्या असत्या तरी चाललं असतं. नाही, सोडायलाच हव्या होत्या.”

“नऊ वर्षं कळत होतं तुम्हाला?”

“त्याच रात्री कळलं.”

“आणि बोलला नाहीत.”

“लावलेला बाण मी कधी परत घेतलेला नाही. कसा घेतात, माहीत नव्हतं.”

धाकट्या काकूंनी रिळाचं सुटलेलं टोक पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाल्या, “निळी पण बरोबर होती.”

“निळीचं डावं टोक उजव्यापेक्षा लांब होतं.”

“कापडच तसं कापून आलं होतं! माझा काय दोष?”

“मग शिवायच्या आधी परत करायचं. शिवलीस कशाला?”

“मागे गठ्ठे साठले होते! तुम्ही टेबलावर आरामात बसता. मशीनवर बसून दाखवा एक दिवस!”

“बसले होते सहा वर्षं, तू लग्न होऊन यायच्या आधी!”

आवाज चढले. मोठ्या काकू स्टुलावरून उठल्या, ओढणीचं टोक दुमडून कॉलर कशी होती ते दाखवायला लागल्या. धाकट्या काकूंनी ते टोक हिसकावलं आणि वेगळं दुमडलं. टीव्हीवर सर्वांत मोठं रहस्य उलगडत होतं. त्यांच्यातल्या एकीनेही तिकडे पाहिलं नाही. चार वर्षं या क्षणाची वाट बघणाऱ्या त्या दोन बायका एका निळ्या कॉलरीवरून भांडत राहिल्या, आणि तो कचरा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला फक्त मी. साहित्याच्या पदवीधराने.

साडेआठला जाहिराती लागल्या तेव्हा धाकट्या काकूंनी जावेच्या दंडावरचा बाण नखाने काढला.

“तीन तर तीन,” त्या म्हणाल्या. “चौथीचं बघू.”

रविवारी त्यांचा भाऊ टेंपो घेऊन आला. चहा प्याला. कपाट कोणत्या खोलीतून काढायचं, म्हणून विचारलं.

“कपाट राहू दे,” धाकट्या काकू म्हणाल्या. “आमचं अजून मिटलेलं नाही.”

भावाला काही कळलं नाही. भाडं वाया गेल्याबद्दल कुरकुरत रिकामा टेंपो घेऊन तो परत गेला.

सोमवारी साडेसातला खाली आले तर स्टूल आणि खुर्ची शेजारी शेजारी होती. दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“शनिवारी शेवटी काय झालं गं?” धाकट्या काकूंनी विचारलं.

मी सांगायला लागले. नायकाला गोळी घालणारा त्याचाच जुळा भाऊ निघाला. मी म्हणाले की ही कल्पना मुळात इतकी शिळी आणि पोकळ आहे की लेखकाला ती लिहिताना—

“ए,” मोठ्या काकू म्हणाल्या. “जुळा निघाला, मग पुढे? नीट सांग. मधे मधे तुझी अक्कल घालू नकोस.”

“आणि ती रडली का?” धाकट्या काकू म्हणाल्या.

“रडली,” मी म्हणाले. “खूप.”

“दोन्ही कानांत होते का?” मोठ्या काकूंनी विचारलं.

ते मी पाहिलं नव्हतं. त्यांनी जावेकडे पाहिलं, जावेने त्यांच्याकडे, आणि दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी इतके दिवस फक्त त्या मालिकेकडे टाकत आले होते.