मुहूर्तावर लावलेली मोटर

आज स्टोव्हच्या रॉकेलचा भपका आला आणि काकांचं अमरावतीचं अंगण आठवलं. आठ महिने जिच्या गुडघाभर पाण्यात म्हशी बसतात त्या नदीसाठी त्यांनी लिलावातून होडीची जुनी, रॉकेलवरची मोटर आणली होती. सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून वर्षभर ती जुळवली होती.

चाचणीच्या दिवशी मोटर बुडवायचं पाण्याचं पिंप अजून रिकामंच होतं. तरी काकांनी नारळ फोडला.

“मुहूर्त टळून राहिला.”

“काका, पाण्याशिवाय चालवू नका, तापून जळेल, असं पुस्तिकेत लिहिलंय,” मी पुटपुटले.

“काहून वं, इंग्रजी शाळेत मोटर शिकवून राहिले का तुले?”

मी पुस्तिका मिटली. त्यांनी दोरी ओढली. मोटर मिनिटभर किंचाळली आणि जळका वास सोडत कायमची जाम झाली.

त्यांच्या अडाणीपणाचा तेव्हा मला तिटकारा आला होता. आज माझाच येतो. दुसऱ्यांदा सांगायला वेळ होता, पण ती जळावी म्हणून मी गप्प उभी राहिले.