पिवळीचं शेपूट

आमची थोरली वहिनी भित्री आहे. निंदा म्हणून सांगत नाही; कुणी उंच असतं, कुणी काळंसावळं, तशी ती भित्री. घरातून निघताना गॅसचं बटण बघते, कुलूप ओढून बघते, अर्धा जिना उतरून परत येते आणि पुन्हा ओढते. एकदा कपडे धुण्याचं मशीन फिरता फिरता जागचं हललं आणि गुरगुरत न्हाणीच्या दारापर्यंत चालत आलं, तर ही साबणाच्या हातांनी शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. माझा भाऊ फ्रिज आणि मशिनं दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "अगं, पाय निसटलाय त्याचा." ती तिथूनच ओरडली, "तो बसवा, मग मला बोलवा!"

अशा बाईच्या पदरात काम काय पडावं, तर समुद्र राखायचं.

ती ज्या संस्थेत आहे तिथले लोक पाण्यात सोडलेली यंत्रं दुरून हाकतात. ग्लायडर म्हणतात त्यांना. माणसाएवढं लांब, पिवळंधमक, दोन आखूड पंख आणि मागे शेपूट. पोटातल्या पंपाने जड होतं, हलकं होतं, तसं खोल जातं, वर येतं. वर आलं की शेपूट हवेत काढून उपग्रहावरून निरोप देतं: पाणी किती गरम, किती खारट, मी कुठे आहे. यातल्या एकीला वहिनीच्या खोलीत सगळे पिवळी म्हणत, गोठ्यातल्या गायीला हाक मारावी तसं. पिवळी होती दुसऱ्या देशातल्या संस्थेची, पण पोहायची आपल्या समुद्रात. तिकडे रात्र पडली की हाकायची पाळी वहिनीची, इकडे रात्र पडली की तिकडच्या बाईची. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वहिनी तिला 'पलीकडची' म्हणायची, जावेबद्दल बोलावं त्या सुरात.

त्या दिवशी मी डोळे दाखवायला शहरात आलो होतो. वहिनी डबा घरी विसरली, तो घेऊन गेलो. दुपारची वेळ, खोलीत ती एकटी. साहेब कसल्याशा बैठकीत. पंखा फिरत होता, पाण्याचं पिंप ठिबकत होतं, आणि वहिनी स्क्रीनसमोर उभी होती. खुर्ची मागे होती, पण बसायचं सुचलं नसावं.

"भाऊजी, पिवळी पळतेय," ती म्हणाली.

"मग पळू द्या की."

"तिला पळता येत नाही."

मी डबा खाली ठेवला.

तिने मला सांगितलं ते असं. पिवळीच्या पोटातली हवा आधीच ओढून घेतलेली असते, त्यामुळे आतला दाब कमी राहायला हवा. सकाळपासून तो चढत होता. म्हणजे कुठून तरी पाणी शिरलं होतं. खारं पाणी आतल्या बॅटरीला लागलं की ती तापते, वायू सोडते. बंद नळकांडं फुगत जातं आणि एका क्षणी तोंडाचं टोपण सुटतं. समोर माणूस असला तर माणसाचं काय होतं, ते तिने सांगितलं नाही. नुसतं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"खोल होती ना. तिथेच राहू दिली असती तर तिथेच फुटली असती," ती म्हणाली. "मीच वर घेतली. वर असली तर जहाज पाठवू, दुरून वायू काढू, वाचेल, असं वाटलं. आणि वर आलेली कुणाला तरी दिसली."

पिवळीचा ठिपका सरळ रेषेत चालला होता, इंजिनाच्या वेगाने. खारटपणाचा आकडा शून्यावर आलेला. म्हणजे ती पाण्याबाहेर, कुणाच्या तरी मासेमारीच्या होडीत पडलेली.

वहिनीने बंदरावर फोन लावला. कारकून म्हणाला, "बाई, त्या पट्ट्यात ढिगाने होड्या असतात. आणि निम्म्यांचे रेडिओ बंद. मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून बंदच ठेवतात. ओरडून बघतो."

तो ओरडत राहिला. कुणी ओ दिली नाही.

त्या होडीतली माणसं मला ओळखीची वाटायला लागली. आमच्या ओढ्यात असलं बंद नळकांडं वाहून आलं असतं तर पहिला घण मीच घातला असता. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप आली नसती. मी हे बोललो आणि जीभ चावली.

"म्हणजे आता उघडायलाच बसले असतील," ती पुटपुटली.

तिने पलीकडचीला झोपेतून उठवलं. दोघींनाही परकी असलेल्या भाषेत त्या बोलत होत्या, पण घाबरलेल्या बाईचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. पलीकडची आधी ओरडलीच. वहिनीने मला सांगितलं, "म्हणते, पंपाला हात लावू नकोस. पंप बॅटरीशेजारी आहे. एक ठिणगी पडली तर आपणच उडवू सगळ्यांना."

पिवळीचा पुढचा निरोप आला. दाब आणखी वर.

वहिनी डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं, आता ही खाली कोसळते. पण ती स्वतःशीच बोलत होती. "मी त्या होडीत असते तर कशाला भ्याले असते? धूर? धुराला नाही, पाणी ओतलं असतं. आवाजाला? वाकून ऐकलं असतं." मग डोळे उघडले. "हललं असतं तर. मेलेलं समजून घरात घेतलेलं हललं असतं, तर मी तिथे थांबलेच नसते."

फोनवर तिने एवढंच विचारलं, "शेपटीची मोटर कुठे आहे?"

मग उत्तर आलं: बाहेर, वेगळ्या बंद डब्यात. आणि मग अगदी हळू काहीतरी.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांनी फेकली तर ती परत मिळायची नाही. पण कर."

वहिनीने टाइप केलेला आदेश दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला. शेपूट डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत, थांब म्हणेपर्यंत.

मग वाट बघणं. निरोप आला: ठिपका अजून इंजिनाच्या वेगाने. दाब वर. पुन्हा निरोप: तेच. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली तरी मी सोडवून घेतलं नाही. त्यानंतरचा निरोप आलाच नाही. वेळ होऊन गेली. स्क्रीनवर नुसती रेघ लुकलुकत होती. पलीकडची फोनवर श्वास घेत होती, तो ऐकू येत होता.

मग आकडे हलले. खारटपणा परत आला होता. ठिपका सरळ रेष सोडून वाकडातिकडा, प्रवाहाच्या चालीने, सावकाश.

"पाण्यात आहे," वहिनी म्हणाली. तिने शेपूट थांबवलं. दाब चढतच होता. आणखी एक निरोप आला आणि त्यानंतर पिवळी कधीच बोलली नाही.

होडी किती लांब गेली होती, ते त्या आकड्यांत नव्हतं. वहिनी फोनपासून हलली नाही. संध्याकाळी कारकुनाचा फोन आला. तो हसत होता, आणि त्याच्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

"बाई, आले तुमचे होडीवाले. लोखंडाचा मासा होता म्हणतात. होडीत पडल्याजागी घुरघुरला आणि एकाच्या नडगीवर शेपूट हाणलं, तसा यांनी उचलून पाण्यात फेकला. म्हातारा तर त्या पाण्यात पुन्हा जाणार नाही म्हणून बसलाय."

"सगळे आलेत? हातपाय, बोटं, सगळं..."

"सगळं जागच्या जागी. फक्त छिन्नी गेली. टोपणाच्या फटीत ठोकून बसवली होती, तशीच मासा घेऊन गेला. ती मिळेल का परत, विचारतायत."

वहिनी तेव्हा कुठे खुर्चीत बसली.

"नडगीला फार लागलंय का हो?" तिने विचारलं.

पलीकडचीचा पुढे बरेच दिवस फोन आला नाही. शेवटी पिवळी तिची होती.

त्या संध्याकाळी आम्ही खोलीला कुलूप लावून निघालो. अर्धा जिना उतरून वहिनी मागे वळली, वर जाऊन कुलूप ओढून आली. एरवी मी काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी मीही वर गेलो आणि एकदा ओढून बघितलं.