दुमडीतला निळा

सलीमभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो... त्याला आता महिना झाला. मोताळ्याच्या बाजारातलं त्यांचं कापडं रंगवायचं दुकान बंद आहे, आणि निवृत्त मास्तरानं सकाळी जायचं कुठं, हे मला अजून सुचलेलं नाही.

'फिकटणे' म्हणजे रंग कमी होणे, असं शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहून मी मोकळा झालो. वाक्यात उपयोग: उन्हाने पडदा फिकटला. झालं, पूर्ण गुण! त्या क्रियापदाचा अर्थ मला सलीमभाईंनी शिकवला. कुणी साडी रंगवायला आणली, की ते आधी पदराची दुमड उसवून दाखवायचे. आत ऊन न लागलेला मूळ रंग असायचा. बाई चकित व्हायची. "अगं माय, एवढी फिकटली होती? मले तं समजलंच नाही."

"रोज पाह्यनाऱ्याले नाही दिसत, बाई. डोयाले सवय होते."

मी ते वाक्य कौतुकानं वहीत टिपून घेतलं होतं. शब्द टिपायची खोड मेली!

दिवाळीनंतर ते भट्टीशेजारी दम खात बसू लागले. चहा अर्धा ठेवायचे. "काऊन हो, थकले काय?" मी विचारलं. "उमर झाली, सर." मी मान डोलावली आणि पेपर उघडला. त्यांच्यासमोर बसून रोज पेपरच वाचला मी. शबाना वर्षानं माहेरी आली ती दारातच थबकली. तिनं वडिलांची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लालीच नव्हती. कित्येक महिने आतल्या आत रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

दफन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा शबाना म्हणाली, "सर, तुमी तं रोज समोर बसत होते. अब्बा एवढे फिकटले, तुमाले दिसलं नाही?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर होतं, तिच्या अब्बांचंच, वहीत लिहिलेलं... पण ते तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

निघताना तिनं दुकानात पडून असलेला माझा निळा सदरा परत दिला. खालच्या दुमडीची बोटभर शिवण उसवलेली होती. बायको म्हणते, आणा, टीप घालून देते. मी देत नाही. रोज ती दुमड उघडून आतला गर्द निळा बघतो. हा सदरा मी रंगवायला दिलाच नव्हता. त्यांनीच मागून घेतला होता, "सर, फिकटला तुमचा, द्या इकडं" म्हणून. तेही मला रोजच बघत होते...