बटणं शिवणाऱ्या सिस्टर

नातीच्या मिशनच्या शाळेतल्या त्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. बाई केरळच्या, मराठी एकेक शब्द निवडून बोलणार. लेकरांच्या मनातलं ऐकून घ्यायचं काम त्यांच्याकडं. लेकरू बोलत असलं की बाई त्याच्या तोंडाकडं बघत नाहीत, गणवेशाची तुटलेली बटणं शिवत बसतात. 'बघितलं की मुलं गप्प होतात,' म्हणतात.

पंधरा दिवस नात डबा तसाच परत आणायली होती. घरी विचारलं की रडायची. ती रोज बाईंजवळ बसते असं कळलं, तसा मी तडक शाळेत गेलो.

"नातीनं तुमाला काय सांगितलं?"

"ते तिचं आहे, आजोबा. मी सांगणार नाही."

"मी आजा हाय तिचा! दाखला काढा, आत्ता घेऊन जातो घरी."

बाईंनी सुई चालूच ठेवली. "ती स्वतः सांगेल. तिचं संपेपर्यंत तुम्ही मध्ये बोलायचं नाही. जमेल?"

गावात मला असं विचारायची कुणाची छाती न्हाई. डोकं तापलं, तरी मान हलवली.

बाईंनी बोलावलं तशी नात आली. जमिनीकडं बघतच म्हणाली, "आबा, मी गणितात नापास झाले. तुमी शाळेतून काढताल म्हणून घास उतरत न्हाई. मला तुमची लय भीती वाटते."

'उगं भितीस, मी कशाला काढतो,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. दाखला तर मी आत्ताच मागितला होता.