गळ्याशी आलेला स्वेटर

माझ्या नणंदेला पाहायला आलेला मुलगा मी विणलेल्या स्वेटरमध्ये गुदमरून मेला नाही, एवढी एकच चांगली गोष्ट माझ्या विणकामाबद्दल सांगता येईल.

तेव्हा आम्ही कळंबला राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तहसील कचेरीत कारकून असलेले आमचे हे उर्दू बाजूला ठेवून मराठीत टिपणं लिहायला सरावले होते. नव्या राज्यात गावात काय काय आलं ते पुरुषमंडळींना विचारा. आमच्या गल्लीत लोकर आली. ती आणली कुमुदनं. कुमुदचा नवरा कंपाउंडर. त्याची बदली झाली आणि कुमुद, तिच्या सुया आणि एक अर्धवट निळा पायमोजा असा संसार आमच्या शेजारी येऊन पडला. मी सहज म्हणून तो पायमोजा हातात घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात भाजी वेळेवर शिजली नाही.

रोज दुपारी आमच्या ओसरीवर बैठक बसायची. कुमुद, मी आणि समोरच्या यमुनामावशी. मावशी विणत नसत, टकळीवर सूत कातत. लोकर त्यांना मान्य नव्हती. "मेंढराच्या अंगावरचं मेंढरालाच राहू द्या की गं," असं म्हणायच्या, आणि नवी लड आली की सगळ्यात आधी गालाला लावून बघायच्या. चांगली लोकर मिळायची सोलापूरला. गल्लीतलं कुणी डोळे दाखवायला सोलापूरला निघालं तरी आम्ही त्याच्या हाती लोकरीचा तुकडा द्यायचो आणि हाच रंग नीट बघून आणा म्हणून सांगायचो. (ज्याचे डोळे अधू, त्यालाच!) त्यामुळे आमच्या सगळ्या विणकामात मधेच कुठंतरी भलताच पट्टा असायचा. तो आम्ही नक्षी म्हणून दाखवत असू.

माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे ह्यांच्यासाठी विणलेला चॉकलेटी स्वेटर. वर्षभर विणत होते. गळ्याची पट्टी आली तेव्हा कुमुदनं बजावलं होतं, टाके बंद करताना हात सैल सोड. पण मला सैल काम आवडत नाही. (ह्यांना विचारा.) मी एकेक टाका ओढून ओढून बंद केला आणि शेवटी मागच्या बाजूला गाठीवर गाठ मारली. सुईनंसुद्धा सुटली नसती अशी. ह्यांनी स्वेटर हातात घेतला, फार सुरेख झालाय म्हणाले, आणि घडी करून डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. घाला की, म्हटलं तर म्हणायचे, "थंडी तर पडू दे." पुढं थंडी पडली, दातावर दात वाजू लागले, हे उपरण्यात गुंडाळून कचेरीत गेले, पण स्वेटर काही ट्रंकेबाहेर आला नाही. मला वाटायचं, किती जपतात!

आता विमलबद्दल. विमल माझी धाकटी नणंद. मॅट्रिक झालेली, उंच, नाकीडोळी छान, आणि खरं बोलायची वाईट सवय. त्या काळात मुलगी बघायला आलेल्या बायकांना नवीनच प्रश्न सापडला होता, विणकाम येतं का. विमल सरळ "न्हाई" म्हणायची आणि पुढं काही बोलायची नाही. पाहुणे चहा पिऊन जात ते जातच. सासूबाईंचे देवाला नवस बोलून झाले होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या अमदानीत मुन्शी होते. ते म्हणायचे, पोरीचं नशीबच तंग आहे.

मग अणदूरचं स्थळ आलं. मुलगा, माधवराव, शाळेत मास्तर. आईवडिलांना घेऊन येणार होता. आदल्या दिवशी सासूबाईंनी मला आणि विमलला चुलीपाशी बसवलं आणि आवाज खाली करून ठरवून टाकलं: ह्या खेपेला विचारलं की व्हय म्हणायचं, आणि पुरावा म्हणून ट्रंकेतला स्वेटर दाखवायचा. विमल म्हणाली, मी खोटं बोलणार न्हाई. सासूबाई म्हणाल्या, "तू बोलूच नको. मी बोलते." माझा स्वेटर दुसऱ्याच्या नावावर जाणार म्हणून मला वाईट वाटलं, पण मनातून मी फुगलेही होते. शेवटी लग्न जमणार ते माझ्या हाताच्या गुणावरच की!

मंडळी सकाळच्या एस.टी.नं आली. मार्गशीर्षातली थंडी, गाडीला काचा नाहीत. मुलगा आला तो शिंकतच. दिसायला चांगला होता. डोक्यावर टोपी, डोळ्यांना चष्मा, बोलणं बेताचं. त्याचे वडील भारदस्त, मिशीवाले. आई बारीक, सारखी मुलाकडं बघणारी. बैठकीत जाजमावर सगळे बसले. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं अपेक्षेप्रमाणं विचारलं, मुलीला विणकाम येतं का.

"तर!" म्हणाल्या सासूबाई, आणि स्वेटर पुढं केला.

तो हातोहात फिरला. मुलाच्या वडिलांनी ओढून पाहिला आणि काम पक्कं आहे म्हणाले. विमल जमिनीकडं बघत होती. इथवर सगळं ठीक होतं. पण तेवढ्यात मुलगा पुन्हा शिंकला आणि सासूबाईंना माया आली. अंगात घाला, ऊब येईल, असा आग्रह त्यांनी सुरू केला. मुलगा नको नको म्हणत होता. माझे हे कोपऱ्यातून एकदम म्हणाले, "असू द्या, त्यांना गरम होईल." ह्यांचा चेहरा का उतरलाय हे मला तेव्हा कळलं नाही. मुलाच्या वडिलांनी हुकूम सोडला, "घाल रे माधव. मुलीनं एवढ्या मायेनं केलंय."

माधवराव उभे राहिले. आधी दोन्ही हात बाह्यांत घातले, हात वर केले, आणि मग टोपी-चष्म्यासकट डोकं आत घातलं.

ते बाहेर आलंच नाही.

आधी आम्हाला वाटलं, वेळ लागतोय. थोड्या वेळानं चॉकलेटी लोकरीतून नाकाचा आकार दिसू लागला. तो इकडून तिकडं फिरला आणि थांबला. मनगटाच्या पट्ट्याही मी तितक्याच ओढून विणलेल्या, त्यामुळे हातही मागं येईनात. नवरामुलगा बैठकीच्या मध्यभागी हात वर करून उभा, आणि आतून बारीक आवाज आला की चष्म्याची काडी कानात रुतायलीय.

मग जे झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगाला घाम सुटतो. मुलाच्या वडिलांनी स्वेटर वरून धरला, मामंजींनी मुलाला कमरेला धरलं, आणि दोघं विरुद्ध दिशांना ओढू लागले. मुलगा चवड्यांवर आला. त्याची आई "अय्यो, लेकराचा श्वास कोंडला" म्हणून रडू लागली. हे जागचे हलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत पुटपुटले, "मला वाटलं होतं, माझंच डोकं मोठं आहे."

म्हणजे ह्यांनी तो घालून पाहिला होता! कधीतरी, एकट्यानं, दार लावून. अडकले होते, सुटले होते, आणि मला दुःख नको म्हणून थंडीत कुडकुडत राहिले होते. लग्नानंतर इतका मोठा धक्का मला बसला नव्हता. पण त्यावर रडायला वेळ कुठला!

मुलाच्या आईला तेवढ्यात सुचलं. ती विमलला म्हणाली, तूच विणलंयस ना, मग कुठून उसवायचं ते तुला ठाऊक असेल. सगळे विमलकडं बघू लागले. विमल माझ्याकडं बघू लागली. मी चौकटीतून मान हलवून, डोळे फिरवून, स्वतःच्याच मानेवर बोट ठेवून मागची बाजू, मागची बाजू असं सांगत होते. मुलाच्या वडिलांना वाटलं, मला फेफरं येतंय. विमलनं जाऊन जे टोक दिसलं ते ओढलं. ते बाहीचं निघालं. बाही आणखी आवळली आणि आतून "आई गं" ऐकू आलं.

मामंजी कात्री शोधायला धावले. कात्री होती कुमुदच्या घरी. मामंजी आले ते पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन. मुलाच्या मानेशी अडकित्ता गेलेला बघून त्याची आई मटकन खाली बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"कापू नका हो! वर्षभर विणलाय मी!"

मामंजींचा हात तसाच हवेत. सासूबाईंनी डोळे मिटले. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मग विमलकडं, मग सासूबाईंकडं. वाटलं, आता ते मुलाला असंच, स्वेटरसकट उचलून एस.टी.त बसवणार आणि सगळ्या अणदुरात आमची इज्जत काढत फिरणार.

तेवढ्यात लोकरीच्या आतून प्रश्न आला, "कुणी विणलाय?"

"वहिनीनं," विमल म्हणाली. "मला विणता येत न्हाई. घरच्यांनी खोटं सांगितलं. तुम्ही जरा खाली बसा, मी सोडवते."

ते चाचपडत खाली बसले. विमल त्यांच्या पाठीमागं गुडघ्यांवर बसली आणि मला विचारलं, गाठ कुठं आहे. आता लपवायचं काय उरलं होतं! मी पुढं होऊन दाखवली. विमलनं नखानं प्रयत्न केला, नख तुटलं. मग तिनं जे केलं ते कळंब गावात त्याआधी कुठल्याही मुलीनं केलं नसेल. ती खाली वाकली आणि दोन्ही घरच्या वडीलमंडळींसमोर नवऱ्यामुलाच्या मानेला तोंड लावून दातांनी गाठ तोडू लागली.

सासूबाई "अगं बाई" म्हणून भिंतीकडं तोंड करून बसल्या. मामंजींच्या हातून अडकित्ता पडला. मुलाच्या वडिलांची मिशी थरथरत होती. आणि नेमक्या त्या क्षणी आमचा आरडाओरडा ऐकून कुमुद आणि यमुनामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

कुणीही माणूस असता तर विचारलं असतं, काय झालं, हे कोण, विमल ह्यांना का चावायलीय. कुमुदनं स्वेटर पाहिला आणि मला म्हणाली, "तरी सांगत होते, टाके सैल बंद कर."

तेवढ्यात गाठ तुटली. विमलनं टोक ओढलं आणि गळा उसवू लागला. लोकर जमिनीवर पडायला लागली तशा दोघींना राहवेना. कुमुद जाजमावर फतकल मारून गुंडा करू लागली, आणि यमुनामावशी, ज्यांना मेंढराची लोकर चालत नव्हती, त्या गुंता होऊ नये म्हणून दोन्ही हातांवर लोकर झेलत बसल्या. मुलाच्या आईच्या मांडीवरही एक फेरा गेला. तिनंही, काय करणार बिचारी, तो धरून ठेवला. विमल ओढतेय, कुमुद गुंडाळतेय, आणि लोकरीतून हळूहळू एक टोपी, मग कपाळ, मग वाकडा झालेला चष्मा असा मुलगा वर येतोय.

माधवराव पूर्ण बाहेर आले तेव्हा लालबुंद होते, भुवयांना लोकरीचे तंतू चिकटले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं. विमलच्या ओठाला अजून धागा लागलेला होता. ती म्हणाली, "लागलं तर न्हाई ना?" त्यांनी मान हलवली, पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले आणि आईकडं वळून म्हणाले, "आजवर पाहिलेल्या सगळ्या मुलींनी विणून दाखवलं. उसवून कुणी दाखवलं नव्हतं. मला पसंत आहे."

मला वाटलं, आत हवा न मिळाल्यानं डोक्यावर परिणाम झाला. सासूबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी आणखी पाणी आणायला सांगितलं. विमलला विचारलं तर ती हसून आत निघून गेली. ह्याआधी कुठल्याही पाहुण्यासमोर ती हसली नव्हती, तेव्हा तो होकार समजून सगळे तिच्या वडिलांकडं आणि मुलाच्या वडिलांकडं बघू लागले.

मुलाचे वडील बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग मामंजींना म्हणाले, "मुलगी खरं बोलली, तेवढं मला पुरे. देणंघेणं काही नको. अट एकच आहे."

मामंजी हात जोडून म्हणाले, हुकूम करा.

"तुमच्या ह्या सूनबाईंनी," माझ्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "आमच्या घरातल्या माणसासाठी काही विणायचं न्हाई."

आमच्या घरात साधं भाजी काय करायची ह्यावरही एकमत होत नसे. पण त्या दिवशी मामंजी, सासूबाई, आमचे हे, कुमुद आणि यमुनामावशी, सगळ्यांनी एका आवाजात "मंजूर" म्हटलं. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उसवलेला गळा पुन्हा विणायचा म्हणून मी तोवर सुया हातात घेतल्याही होत्या. सासूबाई साखरेची वाटी घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवत फिरल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा वाटीत उरलेली सगळी साखर त्यांनी माझ्या हातावर ओतली, आणि दुसऱ्या हातातल्या सुया हळूच काढून घेतल्या.